अस्तराचा रंग

संपादक मंडळाकडून लेखासाठी निरोप आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या वाटचालीवर लिहावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. ते काम माझ्याहून जाणकार असलेले ज्येष्ठ सहकारी याच अंकात करीत आहेत. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी शाळेच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी लिहितो. वसतिगृहाच्या मागील व्हरांड्यात दर रविवारी सकाळी जो छंदवर्ग भरतो, त्यात विद्यार्थी प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडतात आणि रंगवितात. त्या कामातील एकाच टप्प्याविषयी मला सांगायचे आहे : बिघडलेला प्राइमर उतरविणे आणि तो नव्याने देणे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात कोणी ना कोणी रंगकाम केलेले आहे, आणि अस्तर म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खऱ्या मोटारीची मापे ठरावीक प्रमाणात लहान करून तिचे सुटे भाग प्लॅस्टिकमध्ये ओतलेले असतात आणि ते एका चौकटीला चिकटलेल्या अवस्थेत खोक्यातून येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मोटारींच्या बाबतीत एकास चोवीस आणि एकास पंचवीस ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. सुमारे ४.०७ मीटर लांबीची फोक्सवागन बीटल एकास चोवीस प्रमाणात जेमतेम १७ सेंटिमीटरची होते, म्हणजे तळहातावर मावते. खेळण्यातील मोटारीशी तिची तुलना होऊ शकत नाही. दाराची फट, छताच्या कडेची पन्हळ, पाठीमागच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी असलेल्या बारीक खाचा, हे सारे तिच्या अंगावर मापात असते.

आपल्याकडे हे संच आले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. परदेशात नोकरी करणाऱ्या या मुलाने चार वर्षांपूर्वी एक खोके पाठविले. त्यात नऊ संच होते. पाच कोरे होते. उरलेले चार त्याने जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेले होते आणि ते कोणा अनोळखी माणसाने अर्धवट जोडून, त्यांवर प्राइमर मारून सोडून दिले होते. नवा संच घ्यायचा तर दोन-तीन हजार रुपये सहज लागतात. आपल्या वसतिगृहातील मुलासाठी ही रक्कम किती मोठी, हे येथे सांगण्याची गरज नाही. त्यामुळे 'बिघडले, फेकून द्या' हा मार्ग आमच्यासाठी पहिल्या दिवसापासूनच बंद होता. उतरविण्याची विद्या आम्ही शिकलो ती या गरजेतून.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही घरात दादा म्हणतो, तीस वर्षे मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगच्या कामात होते. मी एम. ए. करीत असताना माझी फी आणि खानावळीचा खर्च त्यांच्या मजुरीतून भागत असे. सुटीत मी गॅरेजवर जाऊन बसत असे आणि त्यांच्या हाताकडे पाहत असे. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर ते लांबी भरीत, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ती घाशीत, मग अस्तर मारीत. अस्तर हा त्यांचा शब्द. शिंप्याकडून रंगाऱ्याकडे आलेला हा शब्द मला प्राइमरपेक्षा अधिक नेमका वाटतो. कोटाचे अस्तर बाहेरून दिसत नाही, पण कोट अंगावर कसा बसतो ते त्याच्यावर ठरते. दादा म्हणत, "रंग चुकला तर गिऱ्हाईक त्याच दिवशी ओरडते. अस्तर चुकले तर सहा महिन्यांनी गाडी स्वतः सांगते."

लोखंडी पत्र्याला अस्तर लागते ते प्रामुख्याने गंजापासून रक्षण व्हावे म्हणून. प्लॅस्टिक गंजत नाही. मग त्याला अस्तर कशासाठी, हा प्रश्न वर्गातील एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारला आणि तो योग्य होता. त्याची तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग नीट धरत नाही. अस्तर प्लॅस्टिकला घट्ट पकडते आणि वरच्या रंगाला पकडण्यासाठी किंचित खरखरीत पृष्ठभाग देते. दुसरे असे की, मूळ प्लॅस्टिक कोठे पांढरे, कोठे लाल आणि लांबी भरलेली जागा राखाडी असते. या सगळ्यावर एकच रंग दिला तर तो तीन ठिकाणी तीन प्रकारचा दिसतो. अस्तराने सर्वांना एक पार्श्वभूमी मिळते. तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चकचकीत प्लॅस्टिकवर ओरखडा डोळ्यांना दिसत नाही. एकसारख्या फिकट राखाडी अस्तरावर मात्र प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा, जोडाची प्रत्येक रेघ स्पष्ट उमटते. अस्तर दोष दाखविते, आणि ते वेळेवर दाखविते, म्हणूनच दुरुस्ती शक्य होते.

आमच्या खोक्यातील १९६६ सालच्या नमुन्याची बीटल नववीतील एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. तिच्यावर पूर्वीच्या धन्याने मारलेला प्राइमर फार जाड होता. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला होता. एका मडगार्डवर ओघळ येऊन वाळला होता. पाठीमागच्या खाचा जवळजवळ बुजल्या होत्या आणि रनिंग बोर्डावरील रबरी पट्ट्यांच्या रेघा बोटाला लागत नव्हत्या. मुलाने गाडी दोन-तीन वेळा फिरवून पाहिली आणि म्हणाला, "सर, वरून लाल रंग मारू या ना. खालचे कोणाला दिसणार आहे?"

हा प्रश्न आयुष्यात अनेक प्रसंगी निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. मी त्याला उपदेश केला नाही, फळ्यावर एक गणित मांडले. प्राइमरचा थर समज ०.१ मिलिमीटर जाड आहे. गाडी एकास चोवीस प्रमाणातील आहे. मग खऱ्या गाडीच्या हिशेबाने हा थर किती जाड झाला? ०.१ गुणिले २४, म्हणजे २.४ मिलिमीटर. खऱ्या गाडीच्या पत्र्यावर कोणी अडीच मिलिमीटर जाडीचा रंग थापला, तर दाराच्या फटी आणि अक्षरे यांचे काय होईल? त्यावर लाल रंगाचे आणखी दोन-तीन हात चढणार. मुलाने गणित वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "मग हा काढायचा कसा?" तेथून खरे काम सुरू झाले.

घासून काढणे हा पहिला विचार मनात येतो. सपाट जागी तो चालतो. परंतु बीटलच्या अंगावर सपाट जागा फारच थोडी. घासताना उंचवट्यावरचा थर आधी निघतो आणि त्याबरोबर खालची पन्हळ, कडा आणि नक्षीही झिजते. खाचेतला प्राइमर मात्र तेथेच बसून राहतो. म्हणजे जे राखायचे ते जाते आणि जे काढायचे ते राहते. म्हणून प्राइमर विरघळविणे किंवा सैल करणे हाच उपाय उरतो. यासाठी खाली कोणते प्लॅस्टिक आहे आणि वर कोणता रंग आहे, या दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. १८३९ साली एडुआर्ड सिमोन या जर्मन औषधविक्रेत्याच्या हाती हा पदार्थ प्रथम लागला आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याचे कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. आपल्या परिचयाचा थर्माकोल हा त्याचाच हवेने फुगविलेला भाऊ. वर्गात मी एका काचेच्या भांड्यात थोडे ॲसिटोन घेतले आणि त्यात थर्माकोलचा मूठभर मोठा तुकडा टाकला. क्षणार्धात त्याचा चिकट लगदा झाला. मुलांनी एकदम श्वास रोखला. त्यानंतर नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन किंवा रंगाऱ्याचे थिनर मॉडेलला का लावायचे नाही, हे पुन्हा सांगावे लागले नाही. थिनरने प्राइमर निघतो हे खरे, पण त्याबरोबर प्लॅस्टिक मऊ पडते, त्यावर बारीक तडे जातात आणि गाडी कायमची जाते. दादांच्या गॅरेजमध्ये जे थिनर दिवसभर वापरले जाई ते लोखंडाला काही करीत नव्हते. तेच येथे घातक ठरते. द्रव्य वाईट नसते. कशावर ते वापरायचे याचा विवेक लागतो.

मग काय वापरावे? जगभरचे छांदिष्ट यासाठी निरनिराळी द्रव्ये वापरीत आले आहेत. अमेरिकेतील जुने लोक मोटारीचे ब्रेक ऑइल वापरीत. काही जण भट्टी साफ करण्याचे कॉस्टिक सोडायुक्त फवारे वापरतात. ही दोन्ही द्रव्ये त्वचेला आणि डोळ्यांना अपायकारक असल्यामुळे मी ती मुलांच्या जवळपास येऊ दिलेली नाहीत. ब्रिटनमधील अनेक छांदिष्टांनी डेटॉल वापरले आहे. आपल्या प्रत्येक घरातील ही बाटली जुना रंग खरोखरच उत्तम सैल करते. मात्र डेटॉलमध्ये भिजलेल्या गाडीवर लगेच पाणी ओतले, तर सुटलेल्या रंगाचा चिवट डांबरासारखा लगदा होतो आणि तो खाचांत जाऊन बसतो. म्हणून आधी ताज्या डेटॉलनेच धुवायचे आणि सर्व रंग निघाल्यावर मगच साबण-पाणी लावायचे.

आम्ही निवडले ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. करोनाच्या काळापासून सॅनिटायझरमुळे हे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. पॉलिस्टायरीनला ते सहसा इजा करीत नाही आणि ॲक्रिलिक प्रकारचा प्राइमर त्यात चांगला सैल होतो. ते जितके निर्जल तितके काम जलद होते. लॅकर प्रकारच्या प्राइमरला वेळ अधिक लागतो, काही वेळा रात्रभर, आणि एनॅमल त्याला फारशी दाद देत नाही. प्राइमर कोणत्या प्रकारचा आहे हे माहीत नसेल, आणि जुन्या संचाच्या बाबतीत ते कधीच माहीत नसते, तर आधी गाडीच्या तळाच्या आतील बाजूस, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, कापसाच्या काडीने लावून पाहावे. चौकटीचा एखादा तुकडा त्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी वाकवून पाहावा. काही जुने प्लॅस्टिक अशा भिजण्याने ठिसूळ होते. ते तुकड्यावर कळलेले बरे.

नियम मात्र कडक आहेत. हे अल्कोहोल सहज पेट घेते, त्यामुळे जवळपास दिवा, उदबत्ती, काडेपेटी काहीही नको. काम उघड्या व्हरांड्यातच करायचे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. बाटली शिक्षकाच्याच हातून उघडली जाईल. वापरलेले द्रव्य मोरीत ओतायचे नाही. ते स्थिर ठेवले की रंगाचा गाळ खाली बसतो, वरचे गाळून पुन्हा वापरता येते. पारदर्शक काचा त्यात बुडवायच्या नाहीत, कारण त्यांवर जाळीसारखे तडे जाण्याची भीती असते. चकाकी दिलेले बंपर आणि दिव्यांच्या कडा वेगळ्या काढायच्या, कारण त्यांवरील चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अत्यंत विरळ थर असतो आणि त्याची गोष्ट निराळी आहे.

बीटलची काया झाकणाच्या डब्यात शनिवारी सायंकाळी बुडविली. रविवारी सकाळी झाकण काढले तेव्हा राखाडी प्राइमर सुरकुतला होता. मऊ टूथब्रशने घासताच मोठमोठे पापुद्रे निघू लागले. तासाभरात निम्मी गाडी मोकळी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी तीन रविवार लागले. खाचांमधून, पन्हळीतून, दाराच्या फटीतून प्राइमर काढायचा तर दात कोरण्याची लाकडी काडी लागते. सुई किंवा टोकदार पाते चालत नाही, कारण ते प्लॅस्टिकवर स्वतःची रेघ सोडून जाते. पुन्हा भिजवायचे, पुन्हा ब्रश, पुन्हा काडी. या मुलाचे कौतुक असे की, पहिल्या रविवारी तो कंटाळला, दुसऱ्या रविवारी गप्प बसला आणि तिसऱ्या रविवारी इतर मुले जेवायला गेली तरी उठला नाही.

प्राइमर निघाल्यावर एक अनपेक्षित गोष्ट दिसली. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे प्लॅस्टिकवर एक बारीक रेघ राहते. बीटलच्या चारही मडगार्डांवरील ही रेघ पूर्वीच्या माणसाने इतक्या सफाईने घालविली होती की, बोटाला ती कोठेच लागत नव्हती. छतावरचा एक बारीक खड्डा लांबीने भरून त्याने तो तळहातासारखा सपाट केला होता. म्हणजे वाईट प्राइमरच्या खाली उत्तम हात लपलेला होता. कदाचित डबा जुना असेल, कदाचित हवा दमट असेल, कदाचित त्या दिवशी त्याला घाई असेल. इतिहासाच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की, वरच्या थरावरून माणसाविषयी निकाल देऊ नका. त्या दिवशी मला ते सांगावे लागले नाही. मुलगाच म्हणाला, "सर, हा माणूस चांगला कारागीर होता." आम्ही त्याने भरलेली लांबी तशीच ठेवली.

या तीन रविवारांत बीटलविषयीही बोलणे निघाले, आणि इतिहासाच्या शिक्षकाला ते टाळता येण्यासारखे नव्हते. ही हसरी, गोलमटोल गाडी फर्डिनांड पोर्श यांच्या आराखड्यावरून नाझी राजवटीत जन्मली. २६ मे १९३८ रोजी हिटलरने तिच्या कारखान्याची कोनशिला बसविली. गाडीची किंमत ९९० मार्क ठरली आणि सामान्य कामगाराने दर आठवड्याला ५ मार्कांची तिकिटे चिकटवून ती मिळवावी अशी योजना जाहीर झाली. सुमारे ३,३६,००० लोकांनी या योजनेत पैसे भरले. त्यांपैकी एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि त्याच कारखान्यात युद्धकैदी, छळछावण्यांतील बंदी आणि जिंकलेल्या देशांतून आणलेली माणसे सक्तीने राबविली गेली. १९४५ नंतर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरच्या देखरेखीखाली उत्पादन पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये या गाडीने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मागे टाकला आणि ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथे शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. सक्तीच्या मजुरांचा इतिहास कंपनीने इतिहासकार हान्स मोमझेन यांच्याकडून लिहून घेतला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये कारखान्याच्याच जुन्या हवाई हल्ला निवाऱ्यात त्या मजुरांचे स्मृतिस्थळ उघडण्यात आले. सुंदर वस्तू कोणाच्या श्रमातून आली हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागावी, एवढाच त्या बोलण्यामागे माझा हेतू होता.

नव्याने अस्तर देण्याच्या दिवसासाठी मी दादांना बोलाविले. ते आले, पण व्हरांड्याच्या टोकाला, वाऱ्याच्या वरच्या बाजूस, खुर्ची टाकून बसले. त्याचे कारण पुढे सांगतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मुलाने गाडी साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, आदल्या रात्रीपासून वाळविली आणि नंतर तिला उघड्या बोटाने स्पर्श केला नाही. बोटाचे तेल जेथे लागते तेथे अस्तर धरत नाही. वेळ त्यांनीच ठरविली होती : हिवाळ्यातील सकाळी दहा. आपल्याकडे पावसाळ्यातील दमट हवेत फवारा मारला तर रंगावर पांढुरकी छटा येते. मे महिन्याच्या उन्हात थेंब गाडीवर पोहोचण्यापूर्वीच हवेत वाळतात आणि पृष्ठभाग धुळीसारखा खरखरीत होतो. थंडीत डबा कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवावा, आगीजवळ कधीही नेऊ नये, आणि दोन मिनिटे चांगला हलवावा.

"पोरा, फवारा गाडीवर सुरू करायचा नाही," दादा म्हणाले. "गाडीच्या अलीकडे सुरू कर आणि पलीकडे जाऊन थांबव. हात थांबला की ओघळ आलाच." वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून पहिला हात इतका विरळ द्यायचा की खालचे प्लॅस्टिक दिसत राहावे. मुलांना हा हात अपुरा वाटतो आणि तेथेच पुन्हा डबा दाबण्याचा मोह होतो. दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. दुसरा हात आडवा दिला असेल तर तिसरा उभा. तीन विरळ हातांत जे होते ते एका जाड हातात कधीच होत नाही. शिवाय खाचा आणि कडा आधी द्यायच्या, मोठे पृष्ठभाग नंतर, म्हणजे खाचेसाठी शेवटी अधिक रंग ओतावा लागत नाही.

अस्तर पूर्ण वाळल्यावर गाडी तिरप्या उजेडात धरून पाहिली. डाव्या दाराखाली एक केसासारखा ओरखडा उमटला होता. हेच अस्तराचे काम. तेथे थोडी लांबी, मग १००० क्रमांकाचा आणि नंतर १५०० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरविला. कडांवर पेपर नेला नाही, कारण कडेवरचा थर सर्वांत पातळ असतो आणि तेथे प्लॅस्टिक लगेच उघडे पडते. शेवटचा एक विरळ हात दिला. पाठीमागच्या खाचा मोकळ्या होत्या, रनिंग बोर्डावरील प्रत्येक रेघ मोजता येत होती. दादांनी गाडी हातात घेतली, नखाने पन्हळीवरून हलकेच पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आता रंग कोणताही दे."

आता दादा वाऱ्याच्या वरच्या बाजूस का बसले ते सांगतो. त्यांनी तीस वर्षे तोंडावर रुमाल बांधून फवारणी केली. सुरुवातीच्या काळात थिनरचा वास, पुढे हार्डनर मिसळून वापरायचे रंग आले. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे रंगाऱ्यांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ज्या गॅरेजमध्ये ते होते तेथे कोणी त्यांना हे सांगितले नाही, मुखवटा दिला नाही. आज ते दोन जिने चढताना तीनदा थांबतात. त्यांच्या हातून गेलेल्या शेकडो मोटारींची अस्तरे नीट टिकली. त्यांच्या छातीतले अस्तर टिकले नाही, आणि ते उतरवून नव्याने देता येत नाही.

म्हणून छंदवर्गाचा पहिला नियम फवाऱ्याच्या वेळी मुखवट्याचा आहे, गाडी कितीही लहान असो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज गॅरेजमध्ये, कारखान्यात, फर्निचरच्या कामात रंग मारतात, त्यांना माझी या निमित्ताने कळकळीची विनंती आहे. रुमाल किंवा कापडी मास्क रंगाची वाफ अडवीत नाही. साध्या रंगासाठी किमान वाफ शोषणारी डबी असलेला मुखवटा घ्या आणि ती डबी मुदतीत बदला. हार्डनर मिसळलेल्या रंगासाठी तेवढेही पुरेसे नाही, त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा लागतो. मालकाकडे तो मागा. मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि एकट्याने मागण्यापेक्षा दहा जणांनी मिळून मागितलेले अधिक ऐकले जाते. पालकांनीही, आपला मुलगा सुटीत रंगकामावर जात असेल, तर त्याच्या मजुरीबरोबर त्याच्या तोंडावर काय बांधलेले असते हे विचारावे.

खोक्यातील चारांपैकी तीन गाड्यांचा जुना प्राइमर आता उतरला आहे. चौथीवरचा अल्कोहोलला दाद देत नाही, बहुधा तो एनॅमलचा असावा. तिच्यावर येत्या हिवाळ्यात डेटॉलचा प्रयोग करावयाचा आहे. नववीतील तो मुलगा आता अकरावीत आहे आणि नव्या मुलांना टूथब्रश कसा धरायचा ते तोच शिकवितो. कोणाकडे माळ्यावर पडलेले, बिघडलेले, अर्धवट रंगविलेले संच असतील, तर ते फेकू नयेत, आमच्याकडे द्यावेत. चांगल्या स्थितीतले पाठविले तरी आनंदच आहे, पण बिघडलेल्यांवर मुले अधिक शिकतात.